दसऱ्याच्या आधीची यादी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बालाघाटच्या डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेवर तू रुजू झालीस, आणि वर्गातली बरीच मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जाणार आहेत हे तुला पहिल्याच महिन्यात कळले. या मुलांचे आणि त्यांच्या घरांचे काही बरे व्हावे म्हणून गावाला एकत्र कसे आणावे, असे तू विचारले आहेस. प्रश्न वेळेवर विचारलास याचा मला आनंद झाला, कारण पोळा अजून व्हायचा आहे आणि या कामात जे काही साधते ते दसऱ्याच्या आधीच साधते.

मुलाला बरोबर न्यायचे की मागे ठेवायचे, हा निर्णय दारात ट्रॅक्टर उभा राहतो त्या दिवशी होत नसतो. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते तेव्हाच तो निर्णय जवळपास होऊन गेलेला असतो. पावसाळ्यात मुकादम घरोघर फिरतो, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरून रक्कम ठरते, ती मागच्या देण्यात, लग्नात किंवा दवाखान्यात खर्च होते, आणि पुढचे पाच-सहा महिने त्या दोघांच्या हातचे राहत नाहीत. मग एखाद्या रात्री घरात हिशेब होतो. थोरला आजीजवळ राहील. धाकटी अंगावर पिते म्हणून ती बरोबर येईल. आणि आई पहाटे फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, गेल्यावर धाकटीला कोपीत (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) सांभाळायला कोणीतरी हवे, म्हणून मधली दहा वर्षांची पोरही बरोबर येईल. तुझ्या हजेरीपटावरून त्या मधल्या मुलीचे नाव पुसले जाते ते असे. तिची शाळा सुटण्याचे कारण तिच्या धाकट्या बहिणीत आहे, म्हणून तिच्या आईला शिक्षणाचे महत्त्व सांगत बसण्यापेक्षा ‘बाळाला कोण पाहील?’ हा प्रश्न तिच्याबरोबर बसून सोडव. एकेका मुलाचा सुटा विचार करून आजवर कोणाचे फारसे भले झालेले मी पाहिले नाही. घर पूर्ण धरावे लागते.

आईबापांना दोष देण्याचा मोह तुला होईल. शिक्षकांच्या बैठकांतून तसे बोलणे तू ऐकशीलही. फडावरची परिस्थिती समजून घेतलीस तर तो मोह उरणार नाही. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा पडतो, आणि खाड्यापोटी कापली जाणारी रक्कम अनेकदा त्या दिवसाच्या कमाईहून मोठी असते. २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी आधी उचल आणि मग काम ही पद्धत तशीच राहिली, आणि मूल तापाने फणफणलेले असताना आईने कोपीत थांबायचे की मोळ्या बांधायला जायचे हे तीच पद्धत ठरवते. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्या वेळी सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाड्याच्या भीतीने ज्या बाईला पाळीचे चार दिवससुद्धा नकोसे होतात, तिला मुलांची काळजी नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही.

आता कामाविषयी. नवी संघटना काढू नकोस, नवी समितीही नेमू नकोस. गावात समित्या पुरेशा आहेत; त्यांपैकी बहुतेक कागदावर आहेत, हे खरे दुखणे आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती आहे, ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, बचत गट आहेत. या सगळ्यांत फिरून फिरून तीच माणसे असतात, म्हणजे अंगणवाडीच्या ताई, आशाताई, मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील. त्यांना एका दिवशी, एका खोलीत, एका कागदाभोवती बसवणे एवढेच तुला करायचे आहे. तो कागद म्हणजे यादी.

आज प्रत्येकाची यादी वेगळी आहे. शाळेच्या पटावर सहा वर्षांपुढची मुले आहेत, अंगणवाडीच्या रजिस्टरात त्याखालची, आशाताईंच्या वहीत गरोदर बायका आणि लसीकरण, रेशन दुकानदाराच्या यंत्रात शिधापत्रिका, आणि कोण कोणत्या टोळीतून कोणत्या कारखान्याला जाणार याची खरी यादी मुकादमाच्या खिशात. एकाच घरातली चार माणसे चार वह्यांत विखुरलेली असल्यामुळे ते घर कोणालाच पूर्ण दिसत नाही. म्हणून तू, अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई मिळून घरोघर जा आणि घरागणिक एक ओळ लिहा: कोण जाणार, कोण राहणार, कधी आणि कोणत्या जिल्ह्यात जाणार, मुकादम कोण, फोन नंबर कोणता, राहणारी मुले कोणाजवळ राहणार, जाणाऱ्यांत पाच वर्षांखालचे कोण, गरोदर कोण, कोणाची कोणती लस बाकी आहे. संध्याकाळी जा, दिवसा घरी कोणी सापडत नाही. तांड्यावर आणि वस्तीवर आधी जा, गावठाणात नंतर. क्रम उलटा ठेवलास तर शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचायच्या आधीच तुमचा उत्साह आणि उजेड दोन्ही संपतील. आणि ही यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचू नका. कोणाची उचल किती, कोणाच्या घरी काय दुखणे, हे चारचौघांत आले तर पुढच्या वर्षी तुम्हाला कोणी खरे सांगणार नाही.

यादीतून जे सर्वांत महत्त्वाचे माणूस पुढे येते त्याच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. ते माणूस म्हणजे आजी.

हंगामी वसतिगृहाची योजना तुला माहीत असेल. नावात वसतिगृह असले तरी आपल्याकडच्या अनेक गावांत त्याचे रूप साधे असते. मुले रात्री आपल्याच घरी किंवा नात्यातल्या कोणाकडे झोपतात, त्यांचे दोन्ही वेळचे जेवण शाळेत होते, अभ्यासही तिथेच होतो, आणि सारे व्यवस्थापन शाळा व्यवस्थापन समिती पाहते. मला हे रूप आवडते, कारण मूल आपल्या गावात, आपल्या माणसांत राहते. परंतु हा सगळा डोलारा ज्या आजीवर उभा आहे तिचा विचार योजनेच्या कागदात कुठेच नाही. साठी उलटलेली, स्वतः पंचवीस-तीस हंगाम ऊस तोडून कंबर मोडलेली, डोळ्यांना कमी दिसणारी ही बाई दोन मुलांची मिळून चार-पाच नातवंडे सहा महिने सांभाळते. रात्री एखाद्याला उलट्या होऊ लागल्या तर तिने कोणाला हाक मारायची? तिचा फोन कोण लावून देतो? तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून कोण आणतो? मूल शाळेत का आले नाही याचे उत्तर मला कितीतरी वेळा मुलाकडे सापडलेच नाही. आजी आजारी होती आणि मूल तिच्यापाशी बसले होते, असे ते उत्तर असायचे. म्हणून गावाच्या कामाची सुरुवात आजीपासून कर. तिला आधार मिळाला की तिच्यामागची चार मुले आपोआप सावरतात.

आजीसाठी गावाने करायच्या गोष्टी लहान आहेत, पण त्या कोणाच्या तरी नावावर टाकलेल्या असल्या पाहिजेत. प्रत्येक आजीमागे शेजारचे एक घर ठरवून घे, असे घर की जिथले माणूस सहा महिने गावातच राहणार आहे आणि ज्याच्याकडे दुचाकी आहे. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटले की कोणीच लक्ष ठेवत नाही. ‘पारूबाईच्या घराकडे तुम्ही पाहायचे’ म्हटले की माणूस पाहतो. (पारूबाई हे नाव मी उदाहरणापुरते घेतले आहे.) निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये तिला मिळू शकत असतील आणि बँक खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे अडले असतील, तर ते काम ग्रामसेवकांकडून जाण्याच्या हंगामाआधी करून घे. ज्या मुलाचे वडील किंवा आई हयात नाही त्याच्यासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून घे. त्या योजनेत आता मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात, आणि आपल्या दुष्काळी भागात असे एक पालक हरवलेले मूल नाही असे गाव मला तरी माहीत नाही.

रेशनची एक बारीक बाब आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. म्हातारा-म्हातारीची शिधापत्रिका बहुधा वेगळी असते आणि नातवंडांची नावे आईबापांच्या पत्रिकेवर असतात. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे आईबापांना कारखान्याच्या गावी धान्य उचलता येते, ही सोय चांगलीच आहे. परंतु त्यांनी तिथे पत्रिकेवरचे सगळे धान्य उचलले तर मागे राहिलेल्या मुलांच्या वाट्याचे धान्यही तिकडेच जाते आणि आजी आपल्या एकटीच्या धान्यात पाच तोंडे भरत बसते. या व्यवस्थेत धान्य थोडे इथे, थोडे तिथे असे विभागून घेता येते. त्यासाठी गावात राहणाऱ्या, पत्रिकेवर नाव असलेल्या कोणाचा तरी अंगठा यंत्रावर उमटला पाहिजे. म्हणून कोणाचे नाव कोणत्या पत्रिकेवर आहे, कोणाचे आधार जोडलेले आहे आणि कोण कुठे किती उचलणार, हे दुकानदाराला बरोबर घेऊन घरागणिक बोलून ठेव. रेशन दुकानदाराला आपण नेहमी संशयाने पाहतो. या एका कामात तो तुझा मोठा सोबती होऊ शकतो.

वसतिगृहाची मंजुरी आणि निधी हंगामाच्या मागून येतात, हे गृहीत धरून चाल. माणसे दसऱ्यानंतर निघू लागतात आणि कागद त्यानंतर हलतो. मधल्या दिवसांत मुलांची चूल बंद राहिली तर आईबाप त्यांना येऊन घेऊन जातात, आणि एकदा गेलेले मूल त्या हंगामात सहसा परत येत नाही. हा मधला काळ गावाने स्वतः भरून काढला पाहिजे. आपल्या गावांना हे अवघड नाही. सप्ताहात आठ दिवस पंगती उठवणारे गाव पन्नास मुलांचे महिनाभराचे जेवण निभावू शकते. मागण्याची रीत तेवढी बरोबर हवी. सरसकट वर्गणी मागू नकोस. बागायतदाराकडे दोन पोती ज्वारी माग, दूधवाल्याकडे रोज ठरलेले दूध माग, किराणा दुकानदाराकडे डाळ-तेल उधारीवर माग आणि निधी आला की फेडण्याचे समितीच्या ठरावाने लिहून दे. प्रत्येक जिन्नस वहीत लिही आणि ती वही शाळेच्या व्हरांड्यात, कोणालाही उलटून पाहता येईल अशी टांगून ठेव. हिशेब उघडा असला की पुढच्या वर्षी मागावे लागत नाही, लोक स्वतःहून विचारतात.

गाव एकत्र आणायचे म्हणतेस, तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की कर: गाव एकसंध नसते. तांडा वेगळा, बौद्धवाडा वेगळा, गावठाण वेगळे, आणि पाटलांच्या वाड्यासमोरच्या पारावर बैठक लावलीस तर तिथे ज्यांना बसता येते त्यांचीच मुले यादीत येतील. जेवण कोण शिजवते आणि ते कोणाची मुले खातात, हा प्रश्न आजही कुजबुजीत उभा राहतो. तो कुजबुजीतच राहू देऊ नकोस. स्वयंपाकाला दोन वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या बायका घे, सगळी मुले एकाच पंगतीत बसव, आणि समितीच्या सदस्यांनी आठवड्यातून एकदा त्याच पंगतीत जेवायचे असा नियम पहिल्या दिवसापासून ठेव. यावर तडजोड करू नकोस, कोणी कितीही गोड बोलले तरी.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागूनच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले तेव्हा ते दवाखान्याची कल्पना घेऊन आले होते, पण लोकांना आधी पाणी आणि अन्न हवे होते, आणि १९७२ च्या दुष्काळाने ते आणखीच उघड केले. त्यांनी लोकांच्या क्रमाने काम केले. गावोगावी शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली, लहान मुलांच्या आहाराची जबाबदारी गावांनी घेतली, आणि आरोग्याचे काम गावातल्याच बायकांकडे सोपवले गेले. त्यांत अनेक जणी दलित वस्त्यांमधल्या होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि तरीही बाळंतपण, जुलाब, लसीकरण यांबाबत सारे गाव त्यांचा शब्द मानू लागले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे सगळे सांगतात. मला त्यातले मोलाचे वाटते ते हे की ज्या बाईला गावाने कधी ओसरीवर बसू दिले नव्हते तिच्याच हाती गावाने आपली मुले दिली. रेल्वेस्टेशन नाही, मोठा कारखाना नाही, पाऊस नाही, अशा मुलखात हे घडले. तिथली माणसे आपल्यासारखीच होती, हे तुझ्या बैठकीत कोणी ‘आपल्याकडे असले जमत नाही’ म्हणाले की आठव.

मोठ्या मुलींचा विषय वेगळा काढते, कारण तिथे उशीर झाला तर दुरुस्ती नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी मागे ठेवायची तर आईला रात्रीची धास्ती, बरोबर न्यायची तर कोपीला दार नाही आणि अंघोळीला आडोसा नाही, म्हणून लग्न लावून मोकळे व्हावे असा विचार घरात येतो. शिवाय लग्न झाले की दोघांचा नवा कोयता होतो आणि त्यावर उचलही मिळते. अशा घरात कायद्याचा धाक एकटा पुरत नाही. १८ वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे आणि ते थांबवण्याची जबाबदारी गावपातळीवर ग्रामसेवकांवर टाकलेली आहे, हे सांगावेच. १०९८ हा क्रमांक प्रत्येक मुलीला तोंडपाठ असावा. परंतु त्याच बैठकीत ‘ही मुलगी सहा महिने कुठे, कोणाजवळ, सुरक्षित राहील’ याचे उत्तर आईच्या हाती दिले पाहिजे. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, समाजकल्याण विभागाचे वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सुरू झालेली शासकीय वसतिगृहे, मावशीचे घर, यांपैकी जे खरोखर उपलब्ध असेल ते नाव-पत्त्यासह सांग. प्रवेशाचे अर्ज जूनपासूनच पाहावे लागतात, त्यामुळे या वर्षी सगळ्या जणींचे जमेलच असे नाही. ज्यांचे जमणार नाही त्यांच्यासाठी गावातच दोन-तीन मुलींनी एका विश्वासू घरी एकत्र झोपायचे अशी व्यवस्था काही गावांनी केली आहे. ती चालते, फक्त ते घर मुलींच्या आयांनी निवडलेले असले पाहिजे.

एवढे करूनही काही मुले जाणारच. त्यांना हरवलेली समजू नकोस. निघण्याआधीच्या आठवड्यात अंगणवाडीत एक दिवस ठेवा. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे वजन, उंची आणि दंडाचा घेर मोजा. सहा महिने ते पाच वर्षे वयात घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर ते मूल अतितीव्र कुपोषित आहे. त्याला फडावर न जाऊ देता आधी उपचाराला नेले पाहिजे, आणि त्यासाठी आईला थांबावे लागले तर मुकादमाशी बोलायला सरपंचांनी जायला हवे. बाकीच्यांच्या राहिलेल्या लसी त्याच दिवशी द्या, माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या. शाळेतल्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दे, म्हणजे तिकडच्या शाळेला त्यांना बसवून घ्यावेच लागते.

मात्र कार्डाच्या भरवशावर थांबू नकोस. पूर्वी कारखान्याच्या आवारात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालत. २००२ च्या सुमारास ‘जनार्थ’ संस्थेने हे काम मोठ्या प्रमाणावर उभे केले होते. नंतर शिक्षण हक्क कायदा आला आणि मुलांनी जवळच्या नियमित शाळेतच जावे असे धोरण ठरले. तत्त्व म्हणून ते योग्य आहे. व्यवहार असा की बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याजवळ एका जागी राहतात, त्यांची मुले एखाद्या शाळेत टिकू शकतात. ट्रॅक्टरवाल्या टोळ्या मात्र एक फड संपला की दुसऱ्या गावी सरकतात आणि त्यांची मुले कोणत्याच शाळेच्या वाटेवर नसतात. यादीत कोणती टोळी कोणत्या प्रकारची आहे हे लिहून ठेवायचे ते यासाठी. बैलगाडीच्या टोळीतली मुले असतील तर तिकडच्या केंद्रप्रमुखांना आणि अंगणवाडीच्या ताईंना निघण्याआधीच फोन कर. सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत समजूतदार माणसे पुष्कळ आहेत; त्यांच्या शिवारात कोणाची मुले उतरली आहेत हेच त्यांना कळत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तर एका ताईंनी दुसऱ्या ताईंना नावानिशी केलेला फोन सर्व कागदांहून अधिक कामाचा ठरतो. ट्रॅक्टरच्या टोळीबाबत वेगळा मार्ग शोधावा लागतो. पाच-सहा कोप्यांनी मिळून एखादी वडीलधारी बाई बरोबर न्यावी, तिने सगळ्यांची लहान मुले सांभाळावीत आणि तिचा वाटा सर्वांनी मिळून द्यावा, हे मुकादमाच्या गळी उतरवता आले तर मघाशी सांगितलेली ती मधली पोर निदान आजीजवळ गावात राहू शकते. मुकादमाला शत्रू समजून दूर ठेवलेस तर हे बोलणे होणारच नाही. तोही याच गावचा असतो, त्याची मुलेही कदाचित तुझ्याच शाळेत असतील. त्याच्या व्यवहारातला अन्याय मला मान्य नाही आणि तो तू झाकावास असेही मी म्हणत नाही, तरी टोळीत कोण कुठे आहे हे रोज ज्याला ठाऊक असते असे माणूस तेच एक आहे.

गावाची ही बांधणी नुसत्या ऊसतोडीपुरती राहत नाही, हे २०२० मध्ये दिसले. टाळेबंदी लागली तेव्हा हजारो ऊसतोड कुटुंबे कारखान्यांवर आणि फडांवर अडकून पडली होती, आणि एप्रिलच्या मध्यानंतर सरकारने तपासणी करून त्यांना घरी परतण्याची परवानगी दिली. गावाकडे भीती इतकी होती की काही ठिकाणी रस्त्यावर काटेरी फांद्या टाकल्या गेल्या. ज्या गावांत कोण कुठे अडकले आहे आणि त्याच्याबरोबर किती लहान मुले आहेत याची नोंद आधीपासून होती, तिथे लोकांनी शाळेच्या खोल्या उघडल्या, पाण्याची टाकी भरून ठेवली, आजीने वेशीपर्यंत भाकरी नेऊन दिली, आणि विलगीकरणाचे दिवस माणुसकीने पार पडले. संकट आल्यावर नोंदी करायला बसलेली गावे मागे पडली. दुष्काळ आपल्याकडे पुन्हा येणार आहे, त्यासाठी भविष्यवेत्ता लागत नाही. आणि दुष्काळी वर्षात उचल घेणाऱ्या घरांची संख्या वाढते, नवी माणसे, ज्यांनी आधी कधी कोयता धरला नाही, तीही निघतात. त्यांच्या मुलांना मागे राहण्याची सवय नसते आणि त्यांच्या आज्यांनाही नातवंडे एकटीने सांभाळण्याची सवय नसते. अशा वर्षी यादी नव्याने करावी लागेल, जुनी चालणार नाही.

मुलांच्या मनाविषयी तू विचारले नाहीस, तरी लिहिते. मागे राहिलेले मूल पहिले पंधरा दिवस गप्प असते आणि शिक्षकांना ते शहाणे वाटते. त्याच्याशी बोल. आठवड्यातून एक वार ठरवून शाळेच्या फोनवरून आईशी बोलणे करून दे; वेळ रात्री आठनंतरची ठेव, कारण त्याआधी आई गाडी भरत असेल. ठरलेल्या वारी फोन लागला नाही तर मूल त्या रात्री जेवत नाही, म्हणून मुकादमाचा नंबरही हाताशी असू दे. सणाचे दिवस जड जातात, त्यातही संक्रांत. त्या दिवशी वसतिगृहात गावातल्या बायकांनी येऊन मुलांबरोबर तिळगूळ करावा. हे सुचवायला तू संकोच करू नकोस, बायका येतात.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये माणसे परततात. त्या आठवड्यात सगळे जण देणे-घेणे, लग्ने आणि पाण्याची टंचाई यांत गुंततात आणि मुलांकडे कोणाचे लक्ष राहत नाही. तुझे राहू दे. बरोबर गेलेल्या प्रत्येक लहान मुलाचे वजन आणि दंडाचा घेर पुन्हा मोजून आधीच्या आकड्याशेजारी लिहा, आणि ज्यांचा घेर कमी झाला त्यांच्या घरी अंगणवाडीच्या ताईंनी उन्हाळाभर जावे. शाळेतून गेलेल्या मुलांना वयानुरूप वर्गात बसव, मे महिन्यात रोज सकाळी दोन तास घे, आणि गावातल्या बारावी झालेल्या मुला-मुलींना त्यासाठी बोलाव. मागे राहून वर्ष पूर्ण केलेल्या मुलांच्या आयांची एक बैठक त्याच काळात घे. पुढच्या वर्षी एखादी आई मुलाला मागे ठेवायला तयार झाली तर ती तुझ्या सांगण्याने होणार नाही. कोपीशेजारच्या दुसऱ्या बाईने ‘माझा राहिला, नीट राहिला’ असे सांगितले म्हणून होईल.

या वर्षी सगळे होणार नाही. सगळे एकदम करायला गेलीस तर दिवाळीपर्यंत थकशील, आणि थकलेल्या माणसाभोवती गाव जमत नाही. मला निवडायला सांगितलेस तर मी म्हणेन, यादी पूर्ण कर, आजीमागे शेजारघर ठरव आणि पहिल्या महिन्याची चूल पेटती ठेव. मुलींच्या झोपण्याची व्यवस्था मात्र संख्या कितीही लहान असली तरी यातून वगळू नकोस.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लाव. पोळ्यानंतर गावात मुकादमांची ये-जा वाढते आणि माणसे दुसऱ्या हिशेबात जातात. निरोप नोटिशीने देऊ नकोस, मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन स्वतः घरी जाऊन दे, आणि बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरव. तारीख ठरली की मला कळव. घरागणिक यादीचा आणि धान्याच्या वहीचा जुना नमुना माझ्या कपाटात आहे. दोन्हींच्या प्रती काढून या आठवड्यातच टपालाने पाठवते.

तुझी,
बाई